ज्येष्ठ गटातले चिरंजीव

उपअधीक्षकांना कुणी विचारलं असतं, की तुम्हाला नेमका हेवा कुणाचा वाटतो, तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते. हेवा ही गोष्टच त्यांच्या पदाला शोभणारी नव्हती. शहराच्या दिवाबत्ती खात्यातला जबाबदार माणूस, वय एक्कावन्न, हाताखाली कारकून, वायरमन आणि एक शिडीवाली गाडी. अशा माणसाला हेवा वाटायचाच तर निदान अधीक्षकांचा तरी वाटावा. पण खरी गोष्ट फार लाजिरवाणी होती. त्यांना हेवा वाटत होता स्वतःच्या पोटच्या मुलीचा, आणि तोही स्वतःच्या जन्मदात्या बापावरून.

बापाला घरात सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी आयुष्यभर जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केली. लोकांच्या हद्दी ठरवता ठरवता त्यांच्या चेहऱ्यावरही एक हद्द आखली गेली होती आणि हसू सहसा ती ओलांडत नसे. आप्पा हसल्याच्या घटना उपअधीक्षकांना बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि त्यातली एक तर फोटोग्राफरने सांगितलं म्हणून घडली होती.

तर एका संध्याकाळी उपअधीक्षक कचेरीतून आले, दारात बूट काढायला वाकले, आणि आतून हसण्याचा आवाज आला. खदखदून. त्यांना आधी वाटलं, पाहुणे आले असावेत. आत जाऊन बघतात तर खिडकीपाशी तिपाईवर बुद्धिबळाचा पट मांडलेला, एका बाजूला कॉलेजात जाणारी लेक, दुसऱ्या बाजूला ऐंशीला टेकलेले आप्पा, आणि आप्पांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी.

"आजोबा, घोडा फुकट देताय!" लेक म्हणत होती.

"अरेच्चा! खरंच की. गाढव आहे मी, गाढव!"

उपअधीक्षक एक बूट हातात घेऊन तसेच उभे राहिले. गाढव हा शब्द या घरात इतकी वर्षं एकाच माणसासाठी राखीव होता, आणि तो माणूस आत्ता हातात बूट घेऊन उभा होता. भूमितीची आकृती चुकली, सायकलचं पंक्चर नीट निघालं नाही, पहिल्या नोकरीचा अर्ज उशिरा टाकला, दरवेळी हा शब्द त्यांच्याकडेच आला होता. आता आप्पा तो स्वतःला लावून घेत होते आणि वर हसत होते! शिवाय बुद्धिबळ! हेच बुद्धिबळ दहावीच्या वर्षी आप्पांनी उपअधीक्षकांच्या हातातून काढून घेऊन कपाटावर ठेवून दिलं होतं. "याने पोट भरत नाही," असं म्हणाले होते. पट कपाटावरून पुन्हा कधी खाली आला नाही. आता नातीने नवा आणला तर म्हातारा तिच्याकडून शिकतोय, रोज हरतोय आणि पोट धरून हसतोय. पोट आता कशाने भरतंय, हे कुणी विचारत नव्हतं.

"बाबा, तू बसतोस का एक डाव?" लेकीने विचारलं. तिचा हेतू चांगला होता. लहान मुलं म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करतात तसा चांगला.

उपअधीक्षक बसले. सोंगट्या कशा चालतात हे त्यांना अजून आठवत होतं. नियम माणूस विसरत नाही, आणि नियमांवर तर त्यांची नोकरी उभी होती. त्यांनी विचारपूर्वक एक प्यादं पुढे सरकवलं. मग दुसरं. मग चहा आला. चहाचा पहिला घोट घेऊन कप खाली ठेवतात तोवर लेक म्हणाली, "मात."

"कुणाला?"

"तुला, बाबा."

त्यांनी पटाकडे पाहिलं. त्यांच्या राजाभोवती त्यांचीच माणसं दाटीवाटीने उभी होती आणि एकही कामाला येत नव्हतं. कचेरीत हे दृश्य ते रोज बघत, पण पटावर ते बघवेना. आणि मग आप्पा बोलले. ओरडले असते तरी चाललं असतं. गाढव म्हणाले असते तर जखमेवर फुंकर घातल्यासारखं झालं असतं. ते हळूच लेकीला म्हणाले, "जाऊ दे गं. दमून आलाय तो."

दमून आलाय! उपअधीक्षक स्वयंपाकघरात गेले आणि पाण्याचा तांब्या उगाच या ओट्यावरून त्या ओट्यावर ठेवू लागले.

"हरलात वाटतं?" बायकोने विचारलं.

"हरलो नाही. डाव लवकर संपला."

तेवढ्यावर गोष्ट थांबली असती. पण त्याच आठवड्यात जेवताना लेकीने जाहीर केलं, की सुट्ट्या लागल्या की वाचनालयाच्या सभागृहात बुद्धिबळाची स्पर्धा आहे, ती खुल्या गटात खेळणार आहे आणि साठीच्या वरच्या ज्येष्ठ गटात तिने आजोबांचं नाव दिलं आहे. आप्पा ताटाकडे बघत लाजले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस लाजतो तेव्हा फार गोड दिसतो, आणि हेच उपअधीक्षकांना सहन होईना. लेकीने आजोबांच्या पाठीवर थाप मारली. आप्पांच्या पाठीवर थाप! उपअधीक्षकांनी आजवर आप्पांच्या पाठीला फक्त मलम लावलं होतं, तेही आप्पांनी बोट दाखवलं तेवढ्याच जागेवर.

त्यांनी ठरवलं. आपणही शिकायचं. गुपचूप शिकायचं, चांगलं शिकायचं, आणि एक दिवस आप्पांच्या समोर बसून त्यांना मात द्यायची. मग बघू कोण दमून आलंय ते.

आता आपल्याकडे एखादी गोष्ट गुपचूप करायची म्हटली की आधी चार जणांचा सल्ला घ्यावा लागतो. उपअधीक्षकांनी आडवळणाने विचारलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला म्हणाले, "आमच्या कचेरीतल्या एका गृहस्थांना हल्ली पटकन सुचत नाही." औषधवाल्याने त्यांच्याकडे दया येऊन पाहिलं आणि एक बाटली काढून दिली. "या गृहस्थांना म्हणावं, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. आणि डोळ्यांखाली इतकं काळं झालंय, जागरण नको." न्हाव्याचं म्हणणं पडलं, की बुद्धीचा संबंध टाळूशी असतो आणि टाळू आता बऱ्यापैकी मोकळी झालेली असल्याने तेल थेट आत पोचेल, ही उलट संधीच आहे.

शेवटी ते वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेले. त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या होत्या आणि आडवळणाने विचारलेलं त्यांना सरळ समजत असे.

"पन्नाशीत मेंदू गंजत नाही," बाई म्हणाल्या. "वेग थोडा कमी होतो. नवं कोडं तरुणांना आधी सुटतं. पण शब्द, अनुभव, तारतम्य, माणसाची पारख, ही वाढतच जातात. काही काही बाबतीत तर याच वयात माणूस शिखरावर असतो."

"शिखरावर," उपअधीक्षकांनी समाधानाने तेवढा शब्द उचलला.

"पण अडचण दुसरीच आहे," बाई पुढे म्हणाल्या. "नवं शिकायचं म्हणजे चुकावं लागतं, चारचौघांत. विशीतल्याला त्याचं काही वाटत नाही आणि म्हाताऱ्याला त्याची फिकीर नसते. मधल्या वयात माणसाला जपायला फार काही असतं."

हे वाक्य उपअधीक्षकांनी ऐकलं नाही. ते तोवर शिखरावरून खाली बघत होते.

बुद्धिबळाचा वर्ग दोन गल्ल्या सोडून एका शिवणवर्गाच्या माडीवर भरत असे. उपअधीक्षक कचेरीच्या वेळेनंतर तिथे पोचले तर दारातच शिकवणाऱ्या मुलीने त्यांना अडवलं. ती त्यांच्या लेकीपेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी असेल.

"आजोबा, पालकांनी बाहेर बाकावर थांबायचं."

"मी पालक नाही," उपअधीक्षक म्हणाले. "आणि आजोबा तर मुळीच नाही. मला शिकायचंय."

मुलगी गोंधळली. मोठ्यांचा वर्ग होता, पण तो सकाळी, आणि त्यात सगळे स्पर्धा खेळलेले लोक. नवशिक्यांची एकच तुकडी होती. "लहान मुलांची आहे," ती चाचरत म्हणाली. "खुर्च्याही जरा… लहान आहेत."

जरा लहान! उपअधीक्षक त्या खुर्चीत बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले, आणि तास संपल्यावर ते उठले तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. ती सोडवायला शिकवणारी मुलगी आणि चार विद्यार्थी लागले. विद्यार्थ्यांना आनंद झाला. त्यांचा तो आठवड्यातला सर्वांत चांगला खेळ ठरला.

त्यांच्या समोर पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी बसे. वय सात. ती डावीकडे बघत, पाय हलवत, मधेच जांभई देत खेळायची आणि चौथ्या चालीला मात द्यायची. पहिल्या दिवशी उपअधीक्षकांचा चेहरा बघून तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "काका, पहिल्यांदा सगळेच रडतात," ती म्हणाली.

"मी रडत नाहीये," उपअधीक्षक म्हणाले.

"मीपण असंच म्हणायचे."

तरी ते जात राहिले. घरी फिरायला जातो म्हणून सांगत. पण गुप्तता फार टिकली नाही, कारण शिकवणाऱ्या मुलीला दर महिन्याला घरी फोन करायची शिस्त होती. फोन बायकोने घेतला.

"तुमच्या पाल्याची प्रगती कळवायची होती," पलीकडून आवाज आला. "मेहनती आहेत. फक्त हरले की फार वेळ गप्प बसतात. घरी थोडं समजावून सांगाल का?"

बायकोने पाल्याचं वय विचारून खात्री करून घेतली, "सांगते," म्हणाली, आणि फोन ठेवून पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. नवरा घरी आल्यावर मात तिने एवढंच विचारलं, "फिरणं कसं चाललंय?" आणि त्याच्या ताटात एक वाढीव घास वाढला. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली की बायकांना काय बोलू नये ते कळतं. हेही बहुधा मधल्या वयातलं शिखरच असावं.

स्पर्धा जवळ आली तसे उपअधीक्षक वाचनालयात जाऊन नाव नोंदवून आले. खुल्या गटात खेळायचं, दोन-तीन डाव बरे जमवायचे आणि आप्पांच्या कानावर ते बाहेरून कुणाकडून तरी जाईल अशी व्यवस्था करायची, असा बेत होता. नोंदणीच्या टेबलावर जाड चष्म्याचा एक कारकून होता. त्याने नाव विचारलं, मान वर करून त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि गट न विचारताच काहीतरी लिहिलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी यादी लागली. खुल्या गटात लेकीचं नाव होतं. उपअधीक्षकांचं नव्हतं. ते ज्येष्ठ गटात होतं.

त्यांच्या कानशिलाला घाम फुटला. ते तडक टेबलाशी गेले. "ही चूक आहे. मी साठीचा नाही."

"कोणीच म्हणत नाही," कारकून समजुतीने म्हणाला. "वाटत नाहीच स्वतःला."

"अहो, मी एक्कावन्न वर्षांचा आहे!"

"हरकत असेल तर लेखी द्या. जन्माच्या दाखल्याची प्रत जोडून, स्पर्धेच्या सात दिवस आधी."

"स्पर्धा उद्या आहे!"

"मग पुढच्या वर्षी या. यादी लागली की बदल नाही."

हे वाक्य उपअधीक्षकांच्या ओळखीचं होतं. गल्लीतला दिवा महिनाभर बंद असल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना ते स्वतः अगदी याच सुरात हेच सांगत. समोरून ऐकताना ते इतकं वाईट लागत असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आणखी भांडावं म्हणून त्यांनी यादीवर बोट ठेवलं, आणि बोट त्यांच्या नावावरून वर सरकलं. दोनच ओळी वर आप्पांचं नाव होतं.

उपअधीक्षकांनी बोट काढून घेतलं. "असू दे," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

दुसऱ्या दिवशी लेक आणि आप्पा सकाळीच रिक्षाने गेले. "मला कचेरीत काम आहे," असं सांगून उपअधीक्षक मागाहून निघाले. डोक्यावर कानटोपी, गळ्याला मफलर, नाकावर वाचायचा चष्मा. वेश वय लपवण्यासाठी होता की ओळख, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण तो नको इतका यशस्वी झाला. दारातल्या स्वयंसेवक मुलीने त्यांच्या कोपराला धरून तीन पायऱ्या चढवल्या. दुसरीने उशी आणून खुर्चीवर ठेवली. "स्वच्छतागृह डाव्या हाताला आहे आजोबा, घाईची वेळ आली तर नुसता हात वर करा," असं तिने कानाशी येऊन मोठ्यांदा सांगितलं.

सभागृहाच्या मध्यभागी खांब होते. उपअधीक्षक आप्पांच्या आणि आपल्यामध्ये एक खांब राहील अशा बेताने वावरत होते. पहिल्या फेरीत त्यांच्या समोरच्या गृहस्थांनी चष्मा घरी विसरला होता आणि ते उंटाला प्यादं समजून चालवत होते. उपअधीक्षक जिंकले. दुसऱ्या फेरीतले गृहस्थ वजीर हातात धरून झोपी गेले आणि त्यांची वेळ संपली. उपअधीक्षक पुन्हा जिंकले. आयुष्यात एका दिवसात दोनदा जिंकण्याची त्यांना सवय नव्हती. छाती मफलरखाली फुगू लागली. इतक्यात तिसऱ्या फेरीच्या जोड्या लागल्या. आप्पाही दोन्ही डाव जिंकले होते.

खांबाचा आता काही उपयोग नव्हता.

आप्पा आधीच येऊन बसले होते आणि सोंगट्या चौकोनांच्या बरोबर मध्यावर येतील अशा सारख्या करत होते. मोजणीची सवय. त्यांनी मान वर केली. कानटोपी पाहिली, मफलर पाहिला.

"तू?"

"हो."

"इथे साठीच्या वरचे बसतात."

"माहीत आहे, आप्पा."

"तू साठीचा कधी झालास?"

"कारकुनाची चूक आहे. सात दिवस आधी लेखी द्यायला हवं होतं."

आप्पांनी "हं" केलं. त्या हुंकारात नेमकं काय असतं, हे उपअधीक्षकांना एक्कावन्न वर्षांत कळलं नव्हतं. पंचाने सांगितलं, "हात मिळवा, सुरू करा." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बापलेकांनी एकमेकांशी हात कधी मिळवलाच नव्हता. आप्पांनी पुढे केला. तो वाळलेला आणि फार हलका होता, आणि त्यांनी तो अपेक्षेपेक्षा जरा जास्त वेळ धरला, किंवा त्यांना सोडायचं लक्षात आलं नसेल.

डाव सुरू झाला. उपअधीक्षकांनी वर्गात शिकलेल्या चाली मांडल्या, वेळेवर किल्लेकोट करून राजा हत्तीच्या आड बसवला. आप्पा सावकाश खेळत होते. प्रत्येक चालीआधी पट दोन्ही बाजूंनी डोळ्यांनी मोजून घेत होते. अर्धा तास गेला. इतका वेळ हे दोघे समोरासमोर बसल्याचं उपअधीक्षकांना आठवेना. जेवताना बसत, पण मध्ये आमटी असे.

मग त्यांनी एक प्यादं मारलं. फुकट. त्यांच्या अंगातून वीज गेली. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आता हसतील. पोरीला म्हणतात तसं म्हणतील, गाढव आहे मी. पण आप्पांचा चेहरा मोजणीच्या नकाशासारखा कोरडा होता. तिच्यासमोर हसायचं, माझ्यासमोर नाही! थांबा. त्यांना समोर आप्पांचा घोडा उघडा दिसला. सरळ वजिराने उचलायचा. दुसरं काही त्यांना दिसेना. त्यांनी हात पुढे केला.

"अरे गाढवा, हात मागे घे! उंट बघ, उंट!"

सगळं सभागृह वळलं. झोपलेले दोघे जागे झाले. उपअधीक्षकांचा हात हवेत थांबला. त्यांनी पाहिलं. कोपऱ्यातून आप्पांचा उंट थेट त्याच घोड्याच्या घरावर टपून बसलेला होता. घोडा उचलला असता तर वजीर गेला असता, आणि डावही.

पंच धावत आला. "आजोबा, प्रतिस्पर्ध्याला मदत करता येत नाही!"

"प्रतिस्पर्धी कसला? मुलगा आहे माझा," आप्पा वैतागून म्हणाले. "डोळ्यांदेखत वजीर घालवतोय आणि मी बघत बसू?"

पंचाने मुलाकडे पाहिलं. कानटोपीकडे पाहिलं. "मुलगा? काय वय यांचं?"

उपअधीक्षकांनी आप्पांकडे काकुळतीने पाहिलं. पण शेजारच्याच्या जमिनीत बोटभर सरकलेला कुंपणाचा दगड ज्याने कधी चालू दिला नाही, तो माणूस वयात नऊ वर्षं कशी सरकवू देणार?

"एक्कावन्न पूर्ण."

"खात्री आहे?"

"खात्री म्हणजे? हा जन्मला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मी बसलो होतो!"

जाड चष्म्याच्या कारकुनाला बोलावणं गेलं. तो यादी घेऊन आला आणि ठाम उभा राहिला. ज्या अर्थी यादीत नाव ज्येष्ठ गटात आहे, त्या अर्थी हे गृहस्थ ज्येष्ठ आहेत. विरुद्ध पुरावा मुदतीत आलेला नाही.

"अहो, मी बाप आहे याचा!" आप्पा म्हणाले.

"तसं लेखी आहे का काही?" कारकून म्हणाला.

शेवटी पंचाने निकाल दिला. मुलगा वयामुळे बाद, वडील मदत केल्यामुळे बाद, आणि बाकीच्या ज्येष्ठांनी कृपया आपापल्या पटाकडे बघावं. स्वयंसेवक मुलीने उशी काढून घेतली. या वेळी पायऱ्या उतरवायला कुणी आलं नाही.

लेकीचा डाव वरच्या मजल्यावर चालूच होता. तिला निरोप ठेवून बापलेक चालत घरी निघाले. उपअधीक्षकांनी मफलर काढून खिशात कोंबला. भर सभेत, पन्नाशी उलटल्यावर, नावाजलेल्या खात्याचा उपअधीक्षक असताना गाढव! वाटेत कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून ते खाली बघून चालत होते.

"कुठे शिकलास?" आप्पांनी मधेच विचारलं.

"वर्ग आहे एक."

"बरा खेळत होतास. तेवढं सोडलं तर. कोण असतं वर्गात?"

उपअधीक्षकांनी आधी मागेपुढे कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, "लहान मुलं."

"आणि जिंकतोस का?"

"एक आहे सात वर्षांची. दात पडलेत तिचे. चौथ्या चालीला मात देते. रोज."

आप्पा थांबले. त्यांनी शेजारच्या भिंतीला हात टेकला. उपअधीक्षकांना वाटलं, चक्कर आली की काय. ते धरायला पुढे झाले, आणि त्यांना कळलं की आप्पा हसताहेत. खदखदून, डोळ्यांतून पाणी काढून, भर रस्त्यात. "दात पडलेत!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "रोज!"

उपअधीक्षकांनी रागवायचा प्रयत्न केला. जमेना. त्यांनाही खुर्चीची हकीकत आठवली आणि ती त्यांनी सांगितली, थोडी वाढवूनच. आप्पांना भिंतीवर दुसरा हातही टेकावा लागला.

पुन्हा चालू लागल्यावर आप्पा म्हणाले, "तो पट मी कपाटावर ठेवला होता ना. तू मला म्हणाला होतास, आप्पा बसा, मी शिकवतो."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं. मी तेव्हा तुझ्याहून थोडा लहानच. खात्यात माणसं मला वचकून असायची. म्हटलं, घरात पोराकडून शिकायचं आणि वर त्याच्याकडून हरायचं? ते काही झेपलं नाही." ते थोडं चालले. "आता बरंय. आता हरलो तर लोक म्हणतात, वा, या वयात खेळतात! हरायला हेच वय चांगलं."

"मला मग अजून बरीच वर्षं आहेत," उपअधीक्षक म्हणाले.

"तुला कारकुनाने सूट दिलीय," आप्पा म्हणाले.

घरी पोचल्यावर आप्पांनी चपला काढल्या, सरळ खिडकीपाशी जाऊन बसले आणि तिपाईवर सोंगट्या मांडू लागले. सुरुवातीपासून नव्हे, मोडलेल्या डावाच्या जागी. "तुझा हत्ती इथे होता."

"इथे नाही, एक घर पलीकडे."

"मी मोजून सांगतोय!"

"आणि मी चालवत होतो!"

बायको चहा ठेवून गेली, मग रिकामे कप घेऊन गेली. दोघांनीही चहा कुणी दिला ते पाहिलं नाही. उन्हं कलली. इतक्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि लेक दारात आली, केस विस्कटलेले, हातात झळझळीत चषक.

"मी पहिली आले!"

"वा, वा," आप्पा म्हणाले. "छान झालं."

"शाब्बास," उपअधीक्षक म्हणाले. दोघांच्याही माना खालीच होत्या.

लेकीने चषक टेबलावर ठेवला. कुणी बघेना म्हणून उचलून पुन्हा ठेवला, जरा आवाज होईल असा. "आजोबा, शेवटचा डाव दाखवते ना तुम्हाला. सरकता का?"

"थांब गं जरा. हा माझ्या वजिराच्या मागे लागलाय."

"मग त्यानंतर?"

"त्यानंतर आम्ही आणखी एक मांडणार आहोत," उपअधीक्षक म्हणाले.

लेक स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा पेला भरला आणि न पिताच ओट्यावर आपटला. "बाबाला धड घोडा चालवता येत नाही," ती आईला म्हणाली. "आजोबांना काय मजा येते त्याच्याशी खेळण्यात, कुणास ठाऊक!"

बाहेरच्या खोलीतून कुणीतरी कुणाला तरी गाढव म्हटल्याचं ऐकू आलं, आणि पाठोपाठ दोघांच्या हसण्याचा आवाज. लेकीचे ओठ घट्ट मिटले, नाकाचा शेंडा लाल झाला.

आईने तो चेहरा नीट निरखून पाहिला.

"हुबेहूब बापावर गेलीस गं," ती म्हणाली.